बॅटरीचा डबा कोण उघडणार?

डिसेंबरच्या सुट्टीत मी काशीदला होतो. आपाचं सासर मुरुडचं, आणि तिच्या दिराचा काशीदला सुरूच्या बनामागे चार खोल्यांचा होमस्टे आहे. पुण्याहून वर्षातून दोनदा मी तिथे जातो, मासे खातो आणि लॅपटॉप उघडणार नाही अशी अम्मीला दिलेली कसम मोडतो.

एका संध्याकाळी पाचच्या सुमारास किनाऱ्यावर गलका झाला. एमएच-१२ पासिंगची एक इलेक्ट्रिक गाडी ओल्या वाळूत रुतली होती आणि भरती चढायला लागली होती. इथल्या पोरांना हे नवीन नाही. सुट्टीच्या दिवसांत गाड्या रुतत असतात, पाचशे-हजारात सौदा ठरतो, दोर येतो, जीप येते, गाडी निघते. त्या दिवशीही दोर आला. एक पोरगा पोटावर सरपटत गाडीखाली शिरला आणि हाताला लागेल त्या लोखंडाला गाठ मारायला लागला. दुसऱ्याने बरोबर मधोमध जॅक लावला.

मी धावत सुटलो आणि लांबूनच ओरडलो, ‘जॅक काढ! आधी तो जॅक काढ!’

त्या गाडीच्या पोटाखाली बॅटरीचा सपाट डबा असतो, काही गाड्यांत तर पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत. शेकडो किलोचा. त्यावर जॅकचा दाब आला की तळाचा पत्रा आत जातो. आतल्या सेलला पोचा पडला तर त्या क्षणी काहीच दिसणार नाही, आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये धूर निघेल. गाडी ओढण्याचा हूक डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत असतो. तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांनी बसवायचा, गाडी न्यूट्रलला टाकायची, सावकाश कोरड्या वाळूवर आणायची आणि तिथेच थांबायचं. पुढे दोराने अलिबागपर्यंत खेचत न्यायची नाही, कारण चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते. खारं पाणी आत गेलं असेल तर गोष्ट आणखी नाजूक. २०२२ च्या सप्टेंबरात फ्लोरिडात ‘इयान’ वादळाचं समुद्राचं पाणी ज्या इलेक्ट्रिक गाड्यांत शिरलं, त्यातल्या काही नंतर उभ्या-उभ्या पेटल्या.

एक चाचा मला म्हणाले, ‘गाडीच हाय ना? मग ओढायची. तू कशाला घाबरवतोस पोरांना?’

गाडी निघाली. मालकाने विचारलं, ‘इथे जवळपास कुणी बघणारं आहे का?’ पंधरा-वीस पोरं उभी होती. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लागला आणि रात्री पनवेलकडून सपाट पाठीचा ट्रक आला. पोरांना हजार रुपये मिळाले. ट्रकवाल्याने किती घेतले ते मी विचारलं नाही, पण मालकाचा चेहरा पाहिला.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने मोबाइल पुढे केला. बारावी सायन्स झालेला, गणितात बरा, सध्या काकाच्या होमस्टेचा हिशोब बघतो. म्हणाला, ‘मामू, हा कोर्स लावू का?’ जाहिरात होती: पंचेचाळीस दिवसांत ईव्ही बॅटरी इंजिनिअर, घरबसल्या, सर्टिफिकेटसह, नोकरीची शंभर टक्के मदत, फी अडतीस हजार, आज रात्री बारापर्यंत एकोणीस हजार. आपाने सोन्याची एक बांगडी बाजूला काढून ठेवली होती.

हा लेख त्या बांगडीसाठी आहे.

काशीदला अशा गाड्या येणं यापुढे वाढणार आहे. मुंबईहून मांडव्याला गाडी घालून आणणारी रो-रो २०२० पासून आहे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने नवं ईव्ही धोरण मंजूर केलं, २०३० पर्यंतचं, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून इलेक्ट्रिक गाड्यांना अटल सेतूवर टोल माफ झाला. म्हणजे मुंबईतल्या माणसाला इलेक्ट्रिक गाडीने आमच्या किनाऱ्यावर येणं पेट्रोलच्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं. तो येईल, आमच्या खोलीत राहील, स्वयंपाकघरातून वायर ओढून पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी चार्ज करेल, पापलेट खाईल आणि जाईल. त्याच्या गाडीत काय आहे हे आपल्याला माहीत असण्याची गरज काय, असं कुणी विचारेल. माझ्याच घरात विचारलं गेलं.

गरज आहे, कारण आपल्यातल्या हजारो घरांची चूल इंजिनवर पेटते. हे मी भावनेने म्हणत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमान कामगार शेतीबाहेर कुठे एकवटले आहेत ते दिलंय, आणि त्या यादीत वाहतूक आणि मोटारदुरुस्ती ठळक आहेत. अहवाल नको असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक चक्कर मारा. क्लच प्लेट, पिस्टन रिंग, रेडिएटर, सायलेन्सर, कार्बोरेटर. वर्षानुवर्षं हाताने शिकलेली, कॉलेजचं तोंड न पाहिलेली आणि तरी इंजिनचा आवाज ऐकून आजार सांगणारी माणसं. कोकणातून कुवेत-दुबईला गेलेली आपली अर्धी बिरादरी याच हुनरावर गेली: ड्रायव्हर, फिटर, एसी मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन. इलेक्ट्रिक गाडीत क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, इंजिन ऑइल नाही. त्या दुकानांतल्या मालाचा मोठा भाग त्या गाडीला लागतच नाही. उरतात टायर, ब्रेक, डेंटिंग-पेंटिंग आणि एक बंद डबा. गाडीच्या किमतीचा सगळ्यात मोठा तुकडा त्या डब्यात आहे. गॅरेजवाल्या घरांमध्ये ही बातमी अजून पोचली नाही, किंवा पोचली असली तरी दस्तरख्वानावर कुणी काढत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. माथेरानला मोटारवाहनं बंद, म्हणून माणूस माणसाला हातरिक्षात बसवून डोंगर चढवत आला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या लोकांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. माणसाच्या इज्जतीचा निकाल आहे तो, त्याचं मनापासून स्वागत. पण मी तो निकाल वाचला तेव्हा इंजिनिअरच्या डोक्यात दुसराच प्रश्न आला. पावसाळ्यात माथेरानच्या चढावर बॅटरी तापली, बीएमएसने करंट तोडला आणि रिक्षा अर्ध्यात थांबली, तर ती कोण बघणार? रिक्षा मिळणं आणि रिक्षाची समज मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकार देऊ शकतं. दुसरी नसेल तर हातगाडी ओढणारा माणूस हप्ता ओढणारा माणूस होतो.

आता त्या पंचेचाळीस दिवसांकडे येतो. मी त्या रात्री बसून जाहिरातीतला अभ्यासक्रम पूर्ण वाचला. लिथियमचा इतिहास, बाजारपेठेचे आलेख, सरकारी योजना, ‘बीएमएसची ओळख’ दोन तास, आणि शेवटी घरी पाठवलेल्या किटमधून बारा व्होल्टचा छोटा पॅक जोडणे. हे शिकून कुणी इंजिनिअर होत नाही, टेक्निशियनही होत नाही. फसवणूक पैशापुरती असती तर मी एवढा चिडलो नसतो. असे कोर्स केलेली पोरं खरे पॅक उघडायला बसतात, चीड त्याची आहे. पनवेलजवळच्या एका गॅरेजात मी स्वतः पाहिलं: स्कूटरचा पॅक टेबलावर उघडा, पोराच्या मनगटात स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ, हातात साधा स्क्रूड्रायव्हर. पट्टा दोन निकेलच्या पत्र्यांमध्ये अडकला. निळी ठिणगी, पट्टा लाल झाला, मनगटावर कायमचा चट्टा. नशीब की स्कूटर होती. डीसी साठ व्होल्टच्या वर गेलं की ते धोक्याचं मानलं जातं, आणि कारचा पॅक तीनशे-चारशे व्होल्टचा असतो. तिथे आधी घड्याळ-अंगठी काढायची, एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे फुंकून भोक नाही ना हे बघायचं, सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं, मीटरने शून्य आलं हे स्वतः मोजायचं, आणि मगच पाना लावायचा. बाजूला दुसरा माणूस उभा पाहिजे. व्हिडिओ बघून हे अंगात येत नाही. वजूसारखं रोज त्याच क्रमाने करावं लागतं, तेव्हा हाताला सवय लागते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात भर रस्त्यावर पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या उन्हाळ्यात देशात तशा बऱ्याच घटना झाल्या आणि नंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम, एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८, कडक केले. का पेटते बॅटरी? सेलच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा पातळ सच्छिद्र पडदा असतो. पॉलिथिलीनचा असेल तर एकशेतीस अंशांच्या आसपास तो वितळायला लागतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट, त्यातून आणखी उष्णता, शेजारचा सेल तापतो, त्याचा पडदा जातो, आणि ही माळ लागली की बाहेरून पाणी मारूनही आग पटकन विझत नाही. एक सेल गेला तरी शेजारचे वाचले पाहिजेत किंवा निदान माणसाला उतरून पळायला वेळ मिळाला पाहिजे, यासाठी डिझाइन करणं हे बॅटरी इंजिनिअरचं काम. त्यात रसायन आहे, उष्णतेचं गणित आहे, पत्र्याची जाडी आहे आणि कोड आहे.

कोड माझा प्रांत, म्हणून माझी फजिती सांगतो. मी नवी मुंबईतून इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री केली आणि सात वर्षं हिंजवडीत बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलं. एकतिसाव्या वर्षी बॅटरीच्या कंपनीत आलो. वाटलं, कोड तो कोड. पहिलंच काम: स्कूटरच्या पडद्यावर चार्ज किती टक्के उरला ते दाखवणे. मी सेलच्या व्होल्टेजवरून टक्क्यांचा तक्ता बनवला. टेबलावर झकास चालला. चाचणीला कात्रजच्या चढावर स्कूटर नेली तर पडद्यावर चाळीस टक्के आणि गाडी बंद. ढकलत आणली मी ती, आणि मागून टेस्ट इंजिनिअर हसत येत होता, जो डिप्लोमावाला होता आणि माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याने मला शिकवलं. एलएफपी जातीच्या सेलचं व्होल्टेज भरल्या पोटी आणि अर्ध्या पोटी जवळपास सारखंच असतं, तीन पूर्णांक दोनच्या आसपास. मधल्या मोठ्या पट्ट्यात फरक इतका थोडा की मोजमापातली चूकच त्याहून मोठी. त्यामुळे आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सेकंदासेकंदाला मोजून बेरीज ठेवावी लागते. ती बेरीज हळूहळू चुकत जाते, म्हणून ती दुरुस्त करायला काल्मन फिल्टरसारखं गणित लागतं. आणि सेल म्हातारा झाला की त्याची क्षमताच बदलते, म्हणजे टक्के कशाचे काढायचे हाही प्रश्न.

हे मी होमस्टेच्या ओट्यावर भाच्याला सांगत होतो. भाची आत भांडी लावत होती. ती बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. आतूनच म्हणाली, ‘मामू, मग टाकी पारदर्शक नाही तर आत किती उरलं ते नक्की कुणालाच माहीत नसतं. अंदाजच करतात सगळे.’

बरोबर. माझ्या पगाराचं सगळं काम या एका वाक्यात आहे, आणि ते समजायला मला चार महिने लागले होते. जाहिरात भाच्याला दाखवली गेली, बांगडी भाच्यासाठी निघाली, भाचीसाठी मात्र घरात बीएडचा फॉर्म आणलेला आहे. शिक्षिका होण्यात वाईट काही नाही, आपाच शिक्षिका आहे. पण प्रयोगशाळेत इलेक्ट्रोडचा लेप, इलेक्ट्रोलाइटचं रसायन, जुन्या सेलमधून कोबाल्ट-निकेल-लिथियम परत मिळवणं ही कामं थेट तिच्या विषयाची आहेत. बॅटरी हा ‘गाडीवाला’ विषय आहे आणि म्हणून पोरांचा, हे आपल्या डोक्यात कुणी भरलं? डब्यात नव्वद टक्के रसायनशास्त्र आहे. (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही.)

मग शिकायचं कसं? मी दोघांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

दहावीनंतर हाताचं काम आवडत असेल तर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आता देशाच्या अभ्यासक्रमात आहे. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये नसेल तर इलेक्ट्रिशियन करा आणि अप्रेंटिसशिप बॅटरी किंवा गाडीच्या कारखान्यात मागा. इलेक्ट्रिशियनला बॅटरी शिकवणं सोपं, बॅटरीचं सर्टिफिकेट घेतलेल्याला वीज शिकवणं अवघड. डिप्लोमा करायचा तर आपल्या जिल्ह्यात पेणला सरकारी तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून रायगडातच आहे आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी फक्त बसच्या खिडकीतून त्याची पाटी पाहिलेली आहे. शाखा इलेक्ट्रिकल, केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी कुठलीही चालेल. नावात ‘ईव्ही’ असलेली शाखाच हवी हा हट्ट सोडा.

केमिस्ट्रीवाल्यांसाठी मुरुडमध्येच अंजुमन इस्लाम जंजिराचं विज्ञान महाविद्यालय आहे. बीएस्सी, मग एमएस्सी, आणि मग पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट, दोन्हीकडे बॅटरीच्या पदार्थांवर काम चालतं. तिथेच आयसर आहे. केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेलं सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र आयसरबरोबरच्या कामातून आलं. सोडियम म्हणजे तेच जे आमच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यावर पांढरं उमटतं. गेट परीक्षा देऊन आयआयटी-एनआयटीत एमटेकला गेलात तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. हे आपल्या मोहल्ल्यात मी दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं एमटेक म्हणजे आणखी फी.

आणि अडतीस हजारांऐवजी फुकट: एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला आणि सहकाऱ्यांचा इलेक्ट्रिक वाहनांचा कोर्स. कोलोरॅडो विद्यापीठाचे ग्रेगरी प्लेट यांचे बीएमएसवरचे धडे, अवघड आहेत पण कात्रजच्या चढावर मला यांनीच वाचवलं असतं. पायथन येत असेल तर ‘पायबॅम’ नावाचं खुलं सॉफ्टवेअर, ज्यात सेल चार्ज-डिस्चार्ज करून बघता येतो, काही न जाळता. नासाने आपल्या सेल-चाचण्यांची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. ती उतरवा आणि सेल म्हातारा कसा होतो त्याचा आलेख स्वतः काढा. मुलाखतीला माझ्यासमोर सर्टिफिकेटांची फाइल घेऊन बसणाऱ्यापेक्षा असा एक आलेख घेऊन बसणाऱ्याला मी जास्त प्रश्न विचारतो, आणि जास्त प्रश्न विचारणं हे आमच्याकडे चांगलं लक्षण असतं.

भाषेचा काटा राहिलाच. आपली किनाऱ्यावरची बरीच मुलं शाळेत उर्दू, घरात कोकणी, बाजारात मराठी आणि डिप्लोमाला एकदम इंग्रजी अशी चार घाटांवर पाणी पितात. पहिल्या सेमिस्टरला नापास होणारी पोरं बुद्धीने कमी नसतात, त्यांना ‘रेझिस्टन्स’ म्हणजे शाळेत शिकलेली ‘मुझाहमत’ हे कुणी सांगितलेलं नसतं. दोन महिन्यांचा पूल लागतो. तो सरकार बांधणार नाही, आपल्यातल्याच शिकलेल्यांनी रविवारी बांधायचा आहे.

इथून पुढचं बोलणं काही बुजुर्गांना लागेल. लागू दे.

दरवर्षी आपल्याकडे गुणगौरव सोहळे होतात. मंचावर इब्न सीना, अल जझरी, अल ख्वारिझ्मी यांची नावं घेतली जातात, ट्रॉफ्या वाटल्या जातात, बिर्याणी होते. मी अशा पाच सोहळ्यांत पाहुणा म्हणून बोललोय. पाचही ठिकाणी भाषणानंतर विचारलं, तुमच्या शाळेत चालू स्थितीतला मल्टिमीटर आहे का? एका ठिकाणी होता, त्याची बॅटरी संपलेली. पूर्वजांच्या नावावर किती दिवस उधारीने जगणार? मोरोक्कोच्या फेस शहरात १९५३ मध्ये जन्मलेला रशीद यझामी नावाचा शास्त्रज्ञ आज हयात आहे. लिथियम ग्रॅफाइटमध्ये शिरतं आणि परत बाहेर येतं हे त्याने फ्रान्समध्ये संशोधन करताना दाखवलं, आणि आज तुमच्या खिशातल्या मोबाइलपासून त्या रुतलेल्या गाडीपर्यंत बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचं एक टोक ग्रॅफाइटचं आहे. २०१४ मध्ये गुडइनफ, निशी आणि योशिनो यांच्याबरोबर त्याला ड्रेपर पुरस्कार मिळाला. त्याचंही आपण पोस्टर करू, ही मला भीती आहे. पोस्टर नको. त्याने जे केलं त्यासाठी प्रयोगशाळा लागते.

प्रयोगशाळेचा खर्च? सेल बनवायची प्रयोगशाळा महाग आहे, ती विद्यापीठांची गोष्ट. पण सेल तपासायची, पॅक सुरक्षित उघडायची, जुन्या सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून प्रतवारी करायची खोली, म्हणजे आठ चॅनेलचा टेस्टर, काही मीटर, थर्मल कॅमेरा, हातमोजे, वाळूच्या बादल्या आणि चांगली हवा, ही एका मध्यम शादी हॉलच्या एसीच्या खर्चात बसते. १९३६ मध्ये भायखळ्याला साबू सिद्दीकच्या दानातून तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. त्या काळी कुणीतरी म्हणालं असेलच की एवढ्या पैशात केवढी मोठी इमारत दावतीसाठी झाली असती.

यात भंगारवाल्यांचा सवाल सगळ्यात तातडीचा आहे. ऑगस्ट २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम सांगतात की वापरलेली बॅटरी नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे किंवा रिफर्बिशरकडेच गेली पाहिजे. नियम चांगला आहे, शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून आपल्याच वस्त्यांतल्या मुलांच्या अंगात शिसं गेलंय. पण याचा दुसरा अर्थ असा की कुर्ला, गोवंडी, भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या भंगार फिरवणारा माणूस कागदावर बेकायदा होणार आणि त्याचा माल सुटाबुटातली कंपनी उचलणार. तोच माणूस रिफर्बिशर म्हणून नोंदणी करू शकतो. गाडीला नकोशी झालेली बॅटरी घराच्या इन्व्हर्टरला किंवा सोलरला अजून काही वर्षं चालते. ती प्रत लावायचं काम आठ महिन्यांत शिकवता येतं. कुणी शिकवलं तर.

सरकारला सोडतो असं नाही. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं संसदेत सांगितलं. पीएचडीच्या वाटेवरचा आपल्या मुलांचा एक आधार त्यात गेला. २०२४ मध्ये राज्याने बार्टी-सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ मंजूर केली. तिच्याकडे आपल्या संघटना निवेदनं देतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसाठी. शंभर मुलं यूपीएससीला बसवा जरूर. पण त्याच निवेदनात लिहा की साठ मुला-मुलींना एआरएआयसारख्या संस्थेत बॅटरी-चाचणीचं प्रशिक्षण द्या, राहण्याच्या खर्चासह. मागितलंच नाही तर नाकारलं असं तरी कसं म्हणायचं?

एक आक्षेप मला प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो टाळणं बेइमानी होईल. ‘एवढं शिकून नोकरी देणार कोण? नाव बघून फाइल बाजूला पडते.’ पुण्यात मला तीन घरमालकांनी आडनाव ऐकून घर नाकारलंय. एका ठिकाणी नोकरीच्या दुसऱ्या फेरीनंतर फोनच बंद झाला, कारण मी आजही फक्त ओळखतो, सिद्ध करू शकत नाही. हुनर आला की भेदभाव संपतो असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. एवढंच सांगतो की हे क्षेत्र नवं आहे, माणसं कमी आहेत, आणि चाकणच्या ज्या लाइनवर पॅकची गळती-चाचणी अडते तिथे ती सोडवणाऱ्याला रात्री दोनलाही फोन येतो. माझ्या टीममध्ये आपल्यातले दोघे आहेत. सहा वर्षांपूर्वी कुणीच नव्हतं. दोन हा आकडा मला पुरत नाही, पण तो शून्यापासून सुरू झाला होता. भेदभावाविरुद्ध लढा, मी सोबत आहे. लढाईच्या काळात अभ्यास बंद ठेवायचा, हे मात्र कुणी ठरवलं?

बांगडी परत कपाटात गेली. भाच्याने डिप्लोमाचा फॉर्म भरायचं ठरवलंय, मधल्या महिन्यांत एनपीटीईएलचा कोर्स करतोय आणि तिसऱ्या आठवड्यातच अडकलाय. भाचीच्या बीएडवरून घरात अजून वाद चालू आहे, आणि त्यात मी अम्मीच्या विरुद्ध बाजूला आहे, त्यामुळे यंदा ईदला माझ्या वाट्याचा शीरखुर्मा कमी येईल.

जानेवारीत मुरुडला जमातीच्या बैठकीत मी तपासणी-खोलीचा प्रस्ताव मांडला. दीड तास चर्चा झाली. हॉलच्या एसीचे पैसे वळवायला नकार मिळाला, आग लागली तर जबाबदार कोण हा प्रश्न तिघांनी विचारला आणि तो प्रश्न योग्यच होता. शेवटी किनाऱ्यावर मला सुनावणारे तेच चाचा उठले. खिशातून चावी काढून म्हणाले, ‘हॉलच्या मागं जनरेटरची खोली रिकामी हाय. पत्रा गळतो. आधी तो बघ, मग बोलू.’

पुढच्या रविवारी पत्रा बदलायला जातोय. वेल्डिंग येणारं कुणी असेल तर या.